गवताची पाहणी पावसात करा: मुंबईच्या गवताळ उतारांविषयी खुले पत्र

प्रति,
मुंबई महानगर परिसरात वृक्षलागवडीच्या जागा ठरवणारे अधिकारी, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल लिहिणारे सल्लागार आणि ते अहवाल मंजूर करणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

शहराच्या कडेला असलेल्या एका गवताळ टेकडीचा अहवाल नुकताच आमच्या वाचनात आला. पाहणी एप्रिलमधली आहे. वनस्पतींच्या यादीत गुलमोहर, सुबाभूळ, टणटणी, रुई अशी नावे एकेक करून दिली आहेत. उताराचा बहुतेक भाग ज्याने झाकलेला आहे त्यासाठी मात्र एकच नोंद आहे: ‘गवत’. निष्कर्ष असा की जागा पडीक आहे, उल्लेखनीय जैवविविधता आढळली नाही, सबब अन्यत्र तोडल्या जाणाऱ्या झाडांच्या बदल्यात इथे लागवड करण्यास हरकत नसावी. टेकडीचे आणि खात्याचे नाव आम्ही घेत नाही. अशा अहवालांचा साचा एकच आहे आणि आमची हरकत त्या साच्यालाच आहे.

आम्ही मुंबई, ठाणे, पनवेल या पट्ट्यातल्या गवताळ जागांवर वनस्पती, पक्षी आणि कीटक यांच्या नोंदी घेणारी माणसे आहोत. ज्या जागांची तुलना करून आपण निर्णय घेता, त्याच जागांची तुलना हे आमचे काम आहे. ती कशी करतात आणि कुठे फसते हे आम्हाला माहीत असल्याने गप्प बसणे शक्य नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे: इथला गवताळ उतार ज्या महिन्यांत आपली संपत्ती उघड करतो त्या महिन्यांत त्याची पाहणी होत नाही, आणि नको त्या महिन्यांत केलेल्या चुकीच्या तुलनेवरून तो रिकामा ठरवून त्यात खड्डे खणले जातात.

पहिली हरकत हंगामाची. बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या काळात. टेकड्यांच्या काळ्या पाषाणावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी वीतभरही नसतो. चार महिने चिंब आणि आठ महिने ठणठणीत कोरड्या अशा जागी टिकायचे तर वनस्पतीपुढे थोडेच मार्ग असतात. काही जमिनीखाली कंद राखून उन्हाळा काढतात. काही एकाच पावसाळ्यात उगवून, फुलून, बी टाकून मरतात. बहुवर्षायू गवते वरचे पाते सुकू देतात आणि ठोंब जिवंत ठेवतात. एप्रिलमध्ये यातले काहीच ओळखता येण्याजोगे उरत नाही.

एक मीटर बाय एक मीटरची चौकट अशा उतारावर एकाच जागी ठेवून वर्षभर पाहिली तर काय दिसते ते लिहितो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, चांगला पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवसांत, मुसळीची पाने, रानहळदीची टोके, कळलावीचे कोंब वर येतात. जुलैत जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड) डोके काढतात. ऑगस्टमध्ये ठोंबांच्या मधल्या ओल्या मातीवर बोटभर उंचीच्या वनस्पतींची दाटी होते: सीतेची आसवे, गेंद, आभाळी, कवला. यातली सीतेची आसवे ही वनस्पती नत्र जवळजवळ नसलेल्या मातीत वाढते. जमिनीतल्या तंतूंवर तिचे बारीक फुगे असतात, त्यांत ती पाण्यातले सूक्ष्मजीव पकडते आणि नत्राची गरज भागवते. सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरभर गवते फुलोऱ्यावर येतात: कुसळी, शेडा, मारवेल, डोंगरी. गवताची जात नक्की करायला हा फुलोरा लागतोच, पात्यावरून नाव ठोकून देता येत नाही. नोव्हेंबरात कुसळीचे बी गळते. त्याचे कुसळ ओलाव्याने पीळ सोडते आणि वाळले की पीळ घेते, त्या हालचालीने बी मातीत घुसते. जानेवारीत चौकटीत पिवळे काड असते, एप्रिलमध्ये कापलेले किंवा जळलेले बुंधे. चौकट तीच आहे. ऑगस्टमध्ये तिच्यासाठी वहीचे पान भरते, एप्रिलमध्ये एक शब्द पुरतो.

मुसळीच्या एका जातीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम असे आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि आर. आर. फर्नांडिस यांनी १९५५ साली तिचे वर्णन केले आणि बोरिवलीचे नाव तिला दिले. औषधी बाजारात सफेद मुसळी म्हणून जिला मागणी आहे ती हीच. पावसाच्या सुरुवातीला पाड्यांवरच्या बायका स्टेशनबाहेर जुड्या मांडून विकतात ती फोडशीही याच कुळातली. कुठल्या उतारावर ती किती उगवते आणि कुठे उगवायची थांबली, हे त्या बायकांना पक्के ठाऊक असते. अहवालासाठी त्यांना विचारले जात नाही, आणि एप्रिलमध्ये जाणाऱ्या पथकाला ती दिसणेही शक्य नाही, कारण तेव्हा ती मातीखाली असते.

ही चूक कोणा एका सल्लागाराच्या आळसाची नाही, ती पद्धतीत बसवलेली आहे. १४ सप्टेंबर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार होणाऱ्या पर्यावरण पाहण्यांत पावसाळा सोडून एका हंगामाची आधारमाहिती घेण्याची रीत आहे. हवेतली धूळ मोजायची तर ते बरोबर आहे, कारण पावसात धूळ धुऊन निघते आणि आकडे खोटे कमी येतात. तोच नियम वनस्पतींना लावला की कोकणपट्टीतल्या गवताळ जागेचा नेमका जिवंत काळ अहवालातून वगळला जातो. सदाहरित झाड एप्रिलमध्येही झाडच दिसते, गवताळ उतार तसा दिसत नाही. त्यामुळे या पद्धतीत झाडी असलेली जागा नेहमी जिंकते.

प्राण्यांचे वेळापत्रक आणखी वेगळे. वटवट्ये पावसाळ्यात गवतात घरटी करतात, सुगरणी गवताची पाती नेऊन घरटी विणतात, लावे तेव्हाच साद घालतात. भोवत्या हा शिकारी पक्षी हिवाळ्यात येतो आणि गवतावरून खालून खालून उडत उंदीर-टोळ शोधतो. माळटिटवी मार्च ते मेमध्ये उघड्या मुरमावर अंडी घालते, काहीही काडीकचरा न रचता. त्या अंड्यांवरून पाय देऊन पुढे गेलेल्या पथकाने ‘घरटी आढळली नाहीत’ असे लिहिले तर ते खोटे बोललेले नसते, त्यांना पाहायचे काय ते माहीत नसते. एका हंगामाच्या पाहणीत पावसाळी, हिवाळी आणि उन्हाळी या तीन गटांपैकी निदान दोन सुटणारच.

दुसरी हरकत गणिताची आहे. अहवालात दोन जागांच्या जातींची बेरीज शेजारी शेजारी मांडतात आणि जिची बेरीज मोठी ती जागा समृद्ध ठरवतात. माणसाने विस्कटलेल्या जागेची बेरीज बरेचदा मोठीच येते आणि त्याची कारणे साधी आहेत. थोड्या जागेत राडारोड्याचा ढीग, गटाराचा ओलावा, पडकी भिंत, कुंपणाकडेची लावलेली झाडे अशा अनेक तऱ्हा असतात. मातीच्या ट्रकमधून, डंपरच्या चाकांतून, आसपासच्या बागांतून बी येत राहते. शिवाय तिथे वर्षभर काही ना काही हिरवे असते, म्हणून एप्रिलच्या यादीतही नावे भरतात.

ती नावे कोणाची असतात ते पाहा: गाजर गवत, रानमोडी, टणटणी, रानतुळस, एकदांडी, सुबाभूळ, गिरिपुष्प, आणि गेल्या काही वर्षांत टेकड्यांवर पसरलेला पिवळा कॉसमॉस, ज्याला लोक सोनकी समजून फोटो काढतात. हे सगळे अमेरिका खंडांतून आलेले आहेत. मुलुंडच्या भरावावर जी यादी होते, जवळपास तीच मालाडला आणि तीच पनवेलला होते. याउलट पाच-सात किलोमीटरांवरच्या दोन जुन्या गवताळ उतारांच्या याद्या खूप वेगळ्या येतात, कारण मातीची जाडी, उताराचे तोंड, पाणी साचणारे खळगे यांच्याबरोबर वनस्पती बदलतात. म्हणून विस्कटलेल्या दहा जागा मिळूनही शहराच्या एकूण यादीत फारशी भर पडत नाही, आणि गवताळ उतार एक गेला तरी काही नावे शहरातूनच जातात. एकेका जागेची बेरीज पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. जागा एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत हे मोजावे लागते, आणि ते मोजलेला अहवाल अद्याप आमच्या हाती आलेला नाही.

बेरजेऐवजी शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांचे वाटे किती सारखे हे मिळून सांगणारा आकडा, दिला की काम शास्त्रीय झाले, असाही समज दिसतो. तो निर्देशांक काय सांगतो ते एका हिशेबाने दाखवतो. समजा चौकटीत दहा जाती आहेत आणि प्रत्येकीचा वाटा सारखा आहे, तर निर्देशांक २.३० येतो. दहाच जाती आहेत, पण एकीचा वाटा ९१ टक्के आणि उरलेल्या नऊ जणींचा एकेक टक्का, तर तो ०.५० येतो. सुबाभळीचे रान ओळखायला हे उपयोगी आहे. पण पहिल्या चौकटीतल्या दहा देशी जाती काढून त्यांच्या जागी दहा परदेशी तणे सारख्या वाट्याने ठेवली, तरी निर्देशांक २.३०च राहतो. कोण आहे हे त्याला कळत नाही. ते कळायला यादी वाचावी लागते आणि यादीत देशी व परदेशी असे दोन रकाने असावे लागतात.

संख्येचाही असाच धोका आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना करणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते आणि गळ्याशी पंख्यासारखी झालर असलेले सरडे मात्र जास्त दाटीने होते. सरडे वाढले हे तिथल्या निसर्गाच्या प्रकृतीचे लक्षण नव्हते, त्यांना खाणारे पक्षी उडून गेले होते. नुसते सरडे मोजले असते तर पवनचक्क्यांची जागा सरस ठरली असती. मुंबईत साळुंक्या, कावळे, घारी, पारवे मोजून नेमके हेच होते: भरावाच्या जागी पक्ष्यांचा आकडा मोठा, आणि गवतावर चंडोल, तीरचिमणी, वटवट्ये असे थोडे, लपून राहणारे. पहिले चौघे शहरात कुठेही राहतील. चंडोलाला झाडाची फांदी चालत नाही, त्याला उघडी जमीन आणि गवताचा आडोसा लागतो.

तिसरी हरकत मोजणीच्या कष्टांची. तुलना करायची तर दोन्ही जागांवर सारखाच वेळ, सारख्याच चौकटी, सारखीच माणसे हवीत. चाळीस हेक्टरांच्या उतारावर पाच चौकटी आणि अर्ध्या हेक्टरच्या भरावावरही पाचच, यातून काही सिद्ध होत नाही. दोन्ही जागा एकाच पाषाणावरच्या, सारख्या उताराच्या असाव्यात, नाहीतर फरक माणसाच्या हाताने पडला की मातीने, हे सांगता येत नाही. चौकटीची जागा आधी नकाशावर आकडे काढून ठरवावी. जिथे फुले दिसली तिथे चौकट टाकली की फसगत पक्की. गवतासाठी एक मीटरची चौकट, झुडपांसाठी पाच मीटरची, झाडांसाठी दहा मीटरची, एकीत एक बसवून. नव्या चौकटीत नवी नावे मिळणे जवळजवळ थांबेपर्यंत चौकटी वाढवायच्या. वीस-तीसच्या आत हे क्वचितच होते. कडेपासून निदान पन्नास मीटर आत जावे, कारण पायवाटेच्या आणि रस्त्याच्या काठाने तणे आतपर्यंत घुसलेली असतात आणि ती गवताळ जागेच्या नावावर चढतात. नुसते आहे-नाही न लिहिता प्रत्येक जातीने किती टक्के जमीन झाकली ते लिहावे.

पक्ष्यांच्या बाबतीत अडचण उलटी असते. भरावावरचा पक्षी उघड्यावर बसतो आणि दिसतो. कमरेएवढ्या गवतातला वटवट्या फक्त ऐकू येतो, आणि महामार्गाच्या आवाजात तोही नाही. म्हणून सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, आवाज ओळखणारा माणूस बरोबर घेऊन, ठरलेल्या रेषेवरून चालत, पक्षी रेषेपासून किती अंतरावर होता ते प्रत्येक वेळी लिहावे लागते. त्या अंतरांवरून न दिसलेल्यांचा अंदाज काढता येतो. जमिनीवरच्या किड्यांसाठी पुरलेले पेले पावसात भरून वाहतात आणि पकडलेले सगळे निघून जाते. वर तिरके झाकण हवे, नाहीतर ती मोजणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात करावी. विंचू दिवसा दगडाखाली असतात. रात्री अतिनील दिव्याखाली ते हिरवट चमकतात आणि तासाभरात चांगली मोजणी होते. रात्रीची पाहणी बहुतेक अहवालांत नसतेच.

चौथी हरकत लागवडीची, आणि इथे नुकसान प्रत्यक्ष होते.

गवताळ उतारावर तीन मीटरांच्या अंतराने दोन बाय दोन फुटांचे खड्डे घेतले तर हेक्टरी सुमारे अकराशे खड्डे होतात. प्रत्येकातून साधारण ०.२ घनमीटर माती-मुरूम निघतो, म्हणजे हेक्टरी सव्वादोनशे ते अडीचशे घनमीटर. खड्ड्यांत बाहेरची लाल माती आणि शेणखत भरले की हा मुरूम वरच राहतो. दहा सेंटिमीटर जाडीने पसरला तरी हेक्टरच्या जवळपास चौथ्या हिश्श्यावर तो बसतो आणि खालचे कंद व ठोंब दडपतो. बाहेरून आणलेल्या मातीत गाजर गवताचे, टाकळ्याचे, रानतुळशीचे बी असते. शेणखताने मातीत नत्र वाढते, त्याचा फायदा झपाट्याने वाढणाऱ्या तणांना होतो. सीतेची आसवे, गेंद अशांना तर नत्राची गरिबीच मानवते. उन्हाळ्यात टँकरने पाणी घातले की तणे वर्षभर हिरवी राहतात. रोपे जगली तर सावली पडते, आणि इथली बहुतेक गवते भर उन्हाची आहेत, सावलीत ती विरळ होत जातात. रोपे मेली, पातळ मातीवर बरीच मरतात, तर उघडी माती उरते आणि पुढच्या पावसात तिथे रानमोडी येते. कुंपणाचे खांब आणि वाढलेली झाडे कावळ्यांना बसायला उंच जागा देतात, तिथून त्यांना जमिनीवरची अंडी दिसतात. म्हणजे लागवड यशस्वी झाली काय आणि फसली काय, गवताळ जागा दोन्हीकडून जाते.

जुने गवत उकरल्यावर ‘पुन्हा येईल’ असे सहज म्हटले जाते. हिरवळ येते, हे खरे आहे. पण जगभरच्या आकडेवारीचा एक आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात उकरलेल्या किंवा नांगरलेल्या जागी परत वाढलेल्या गवताळ प्रदेशांना आधीइतक्या जाती जमवायला निदान शतक आणि बहुधा सहस्रके लागतात, असे दिसले. कंदवाल्या आणि खोल मुळांच्या वनस्पती सर्वांत शेवटी परततात. कार्बन साठवण्यासाठी झाडे लावतो, हे कारणही या जागी लंगडे पडते, कारण गवताळ जमिनीचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो आणि खड्डे काढताना तोच उघडा पडतो.

पाचवी हरकत कागदांची. भारताच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात, २००० सालच्या पहिल्या आवृत्तीपासून, झुडपी माळ आणि चराऊ जमिनी पडीक म्हणून मोडतात. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ झाडांना संरक्षण देतो, आणि ते योग्यच आहे. पण गवताळ जमिनीला तो संरक्षण देत नाही, उलट झाडे तोडण्याची भरपाई तिथेच केली जाते. जैविक विविधता अधिनियम, २००२ प्रमाणे होणारी लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावच्या-शहरच्या जीवजातींची आणि त्यांविषयीच्या लोकांच्या माहितीची नोंद, हा कागद या कामी उपयोगी पडू शकतो. तिच्यात गवताळ जागांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे.

एक गोष्ट आपल्या बाजूनेही सांगायला हवी. दिसेल ते हिरवे गवत जुने नसते, आणि प्रत्येक गवताळ तुकडा राखा अशी आमची मागणी नाही. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली झाली. तिथे म्हशींच्या चाऱ्यासाठी लावलेले पॅरा गवत बाहेरचे आहे, ओलसर जागी ते दाट गादी करते आणि तिच्यात दुसरे फारसे काही उगवत नाही. त्याच आरेत उंचवट्यांवर देशी गवतेही आहेत. शहरातल्या कित्येक उतारांवर पूर्वी झाडी होती आणि तोड, चराई, वणवे यांनी तिथे गवत आले. पाषाण उघडा असलेल्या, पातळ मातीच्या सपाट माथ्यांवर मात्र झाडी मुळातच विरळ असणार. हा फरक बसून ठरवता येत नाही. सप्टेंबरात जाऊन पाहिले तर ठरतो. बहुवर्षायू गवतांचे ठोंब आहेत का, कंदवाल्या वनस्पती आहेत का, जमीन पूर्वी उकरल्याच्या खुणा आहेत का, परदेशी तणांनी किती टक्के जमीन झाकली आहे, ओल्या मातीवरची बारीक वनस्पती सापडते का. पहिल्या दोहोंचे आणि शेवटच्याचे उत्तर होय असेल तर जागेला हात लावू नये. सगळीकडे हरळी, टाकळा आणि गाजर गवतच असेल तर तिथे खुशाल झाडे लावावीत. लागवडीला आमचा विरोध नाही. भराव टाकलेली मैदाने, रस्त्यांच्या कडा, बागांचे फरसबंद कोपरे, ओस पडलेली औद्योगिक आवारे अशा जागा शहरात भरपूर आहेत आणि देशी रोपांची गरज त्यांनाच आहे.

आमच्या मागण्या अशा.

ज्या प्रस्तावित जागेवर गवत आहे तिची वनस्पती-पाहणी पावसाळ्यातच व्हावी, तीन फेऱ्यांत: जूनअखेर कंदवाल्यांसाठी, ऑगस्टअखेर ते मध्य सप्टेंबर बारीक वनस्पतींसाठी, ऑक्टोबरात गवतांसाठी, कापणीच्या आधी. पक्ष्यांसाठी यात हिवाळ्याची आणि एप्रिल-मेची फेरी जोडावी. राज्याच्या पातळीवर मूल्यांकन समित्यांनी ही अट आपल्या कार्यकक्षेत आजही घालावी, केंद्राच्या नियमात बदल होईपर्यंत थांबू नये. ज्या अहवालात वनस्पतींच्या यादीत नुसते ‘गवत’ लिहिले आहे तो अपूर्ण म्हणून परत पाठवावा.

यादीत प्रत्येक जातीपुढे देशी की परदेशी, झाकलेल्या जमिनीचा टक्का, पाहणीची तारीख आणि अक्षांश-रेखांश असावेत. कच्ची आकडेवारी अहवालासोबत खुली करावी. विस्कटलेल्या जागेशी तुलना केली असेल तर दोन्हीकडच्या चौकटींची संख्या आणि लागलेला वेळ लिहावा.

भरपाईची वृक्षलागवड देशी गवताळ जागेवर करू नये. खड्डे खणण्यापूर्वी सप्टेंबरची पाहणी झाल्याचा दाखला लागवडीच्या फाइलला जोडणे सक्तीचे करावे.

विकास आराखड्याच्या नकाशांत आणि लोक जैवविविधता नोंदवहीत गवताळ जागा हा वेगळा वर्ग करावा. नोंदवहीचे काम करताना पाड्यांवरच्या भाजी वेचणाऱ्या बायका आणि गवत कापणारे मजूर यांची माहिती मानधन देऊन नोंदवावी.

राडारोडा टाकला गेला तर तो पहिल्या पावसाच्या आत, यंत्राने जमीन न खरवडता, उचलावा. एकदा पाऊस पडला की सिमेंटचा चुना मातीत उतरतो आणि तिथे एरंड व गाजर गवत ठाण मांडते. रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि तिचे बी वाऱ्याने जाते, म्हणून ती नोव्हेंबरच्या आधी मुळासकट काढावी. सुबाभूळ नुसती तोडली की बुंध्यातून दुपटीने फुटते, तिची लहान रोपे पावसात माती मऊ असताना उपटावीत. गाजर गवत फुलण्याआधी, हातमोजे घालून. त्याने अंगावर पुरळ उठते आणि कंत्राटी कामगारांना हातमोजे देणे हा खर्च टाळता येणार नाही.

गवत बी गळल्यावर, म्हणजे नोव्हेंबरात, कापू द्यावे आणि दरवर्षी आळीपाळीने एक तृतीयांश भाग उभा ठेवावा, म्हणजे किड्यांची अंडी-कोष आणि हिवाळी पक्ष्यांचा आडोसा टिकतो. उशिरा, मार्च ते मेमध्ये लागणारे वणवे माळटिटवीची अंडी जाळतात. ते रोखायला डिसेंबरमध्येच जाळरेषा काढाव्यात. कापणीचा हक्क आजवर ज्या पाड्यांना आणि तबेल्यांना होता त्यांच्याकडेच ठेवावा, कारण ठोंब न खरवडता विळ्याने कापायचे कसब त्यांच्याकडे आहे. ग्रासकटर जमिनीला टेकवून चालवला की ठोंबच उडतात.

यातली कुठलीही मागणी नव्या इमारतीची, नव्या यंत्राची किंवा मोठ्या निधीची नाही. चौकट करायला प्लास्टिकचा पाइप, दहापट भिंग, गवते ओळखणारा एक माणूस, आवाज ओळखणारा एक, आणि ठरलेल्या तारखांना पावसात उतारावर जायची तयारी एवढेच लागते. आपल्या पथकांना गवते ओळखायला शिकवण्यासाठी आम्ही विनामोबदला येऊ. येत्या पावसाळ्याच्या पहिल्या फेरीच्या तारखा जूनच्या आधी ठरवाव्यात, आणि तोपर्यंत गवताळ उतारांवरची मंजूर लागवड थांबवण्याचा लेखी आदेश काढावा, ही विनंती.

आपले,
मुंबई परिसरातील गवताळ जागांचे काही अभ्यासक